‘ड’च्या बाई

“प्रश्न विचारल्यावर जरा थांबलात का?” स्टाफरूममध्ये कुणी ‘ड’ तुकडीच्या नावानं बोटं मोडली, की बाई चहाची बशी खाली ठेवून एवढंच विचारायच्या. मग आम्ही सगळे खिडकीबाहेर बघायचो.

नाशिकच्या आमच्या त्या शाळेत हेडमास्तर आडनाव आणि पत्ता विचारून तुकडी ठरवत. डॉक्टर-वकिलांची मुलं ‘अ’त, बौद्ध वस्तीतली आणि पेठ-सुरगाण्याकडची आदिवासी मुलं ‘ड’त. सातवी ‘अ’ माझ्याकडे, ‘ड’ बाईंकडे. ‘ड’मधल्या कुणाला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवायचं नाही, हाही शिरस्ताच. “शाळेचा निकाल घसरतो,” हेडमास्तर म्हणायचे. बाईंच्या वर्गात पेठकडची एक हुशार मुलगी होती. तिला बसवा म्हणून बाई रोज भांडायच्या. हेडमास्तर ढिम्म.

मग तपासणीला साहेब आले. त्या सकाळी बाईंनी काय करावं? आमच्या दोन वर्गांच्या दारांवरच्या पाट्यांची अदलाबदल करून टाकली! मला पत्ताच नाही.

हेडमास्तर फराळाच्या तयारीत होते. साहेब एकटेच माझ्या वर्गात शिरले आणि डॉक्टरांच्या चिरंजीवांना उभं केलं. पोरगं जरा अडखळलं. “बस, बस,” साहेब म्हणाले आणि माझ्या कानाशी लागले, “या मुलांकडून फार अपेक्षा ठेवू नका.” चिरंजीवांना असं कुणी कधी बसवलंच नव्हतं. ते रडायला लागले.

साहेबांमागून बाहेर आलो तेव्हा मला पाटी दिसली. बोलणार होतो, पण हसूच आवरेना. शेजारच्या दारात उभा राहिलो.

साहेबांनी नेमकं पेठच्या मुलीला विचारलं, “घाटमाथ्यावर पाऊस जास्त का पडतो?” ती गप्प. ‘अ’ची मुलगी, विचार करत असेल, असं समजून साहेब हसत थांबले. चांगले थांबले.

“ढगांना डोंगर आडवा येतो, साहेब. ते वर चढतात, थंड व्हतात, न् तिथंच पाणी सोडतात.”

“शाब्बास! शिष्यवृत्तीला बसतेस ना?”

“या वर्गातलं कुणीच बसत नाही, साहेब,” बाई म्हणाल्या.

तेवढ्यात हेडमास्तर धावत आले. पाटी बघून त्यांचा चेहरा उतरला. खरं सांगावं तर शाळेची अब्रू जाणार.

“बसवतोय की, साहेब!”

पोरीला शिष्यवृत्ती मिळाली. पेढे घेऊन आली तेव्हा बाई नव्हत्या. संस्थेनं त्यांची नांदगावच्या शाळेत बदली केली होती. पोरगी हिरमुसली. मलाही त्या दिवशी बाई फार हव्या होत्या.

पुढच्या जूनमध्ये हेडमास्तरांनी सगळ्या वर्गांच्या पाट्या काढल्या आणि तुकड्यांची अक्षरं थेट भिंतीवर ऑइलपेंटनं रंगवून घेतली.