मेण्याचा पडदा

माझ्या आवडत्या ऐतिहासिक सिनेमात नायक नायिकेच्या मेण्यापाशी येतो, पण पडदा सरकवत नाही. आतून तिची बोटं पडद्यावर येईपर्यंत तो नुसता उभा राहतो.

काल टीव्हीवर तो प्रसंग लागला आणि आमचे हे नेहमीप्रमाणे हसले. "बघ, मागच्या भोयाच्या मनगटावर घड्याळ!"

दिसतं मला. वीस-पंचवीस वेळा पाहिलाय सिनेमा. असू दे घड्याळ. भाबडा म्हणा, खोटा म्हणा, मी तो पाहणारच आणि इथे रडणारही. मला बघायला आले तेव्हा बशीतले पोहे संपायच्या आत सगळं ठरलं होतं. मुलीला विचारावं, हे कुणाला सुचलंच नाही. यांनाही नाही.

मी आवाज वाढवला. मेण्याबाहेर तो अजून थांबलेला होता.