वाढवा म्हणजे विझवा

ह्यांचा डावा डोळा लहानपणीच देवीत गेला होता. उरलेल्या उजव्या डोळ्यावर ह्यांनी ड्राफ्ट्समनची परीक्षा दिली, ठाण्याला नोकरी धरली आणि माझ्याशी लग्न केलं. बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांना सरळ म्हणाले, "एकच डोळा आहे, पण रेघ वाकडी जात नाही." वडील खूश. मला मात्र त्या दिवसापासून त्या एका डोळ्याची धास्ती बसली, ती बसलीच. चुलीतला धूर, पोरांच्या पतंगाचा मांजा, पत्र्यावरून उडणारा कचरा, सगळं त्या डोळ्यावर टपून बसलंय असं मला वाटायचं.

आणि अशा माणसाने घरात मोटार आणली. मोटार कसली, मोटारीची हाडं! माजिवड्याला एक बंगला बरीच वर्षं बंद पडला होता. त्याच्या मागच्या शेडमध्ये ती खोलून ठेवलेली होती, मोटारी नुकत्या आल्या त्या काळातली. बंगल्याचा राखणदार म्हणाला, "न्या बाबा, न्या. इथं कोणी हात लावत नाही." हात का लावत नाही, ते ह्यांनी विचारलं नाही. मी विचारलं असतं. लॉरीतून सांगाडा, चार चाकं, अकरा पोती आणि दोन खोकी कल्याणला आमच्या घरामागच्या रिकाम्या गोठ्यात उतरली. लॉरीवाला पैसे घेऊन मागे न बघता गेला, तेही मला बरं वाटलं नाही.

दीड वर्ष दर रविवारी, दर सुट्टीला हे त्या गोठ्यात. गंज खरवडायचा, रॉकेलने धुवायचं, कानस घासायची. मी दारात उभी राहून ओरडायची, "अहो, चष्मा लावा! कण उडेल डोळ्यात!" हे हसायचे. "अगं, तू इथे बसलीस तर कणाची छाती होणार नाही." थट्टा करायला पुढे, चष्मा लावायला मागे. रागावून मी घरात जायचे, आणि कानशीचा आवाज थांबला की परत धावत बाहेर यायचे.

आमच्या सासूबाई जुन्या वळणाच्या. त्यांच्या घरात काहीच कधी फुटायचं नाही, संपायचं नाही की विझायचं नाही. बांगडी वाढायची. कुंकू वाढायचं. नारळ वाढवायचा. दिवासुद्धा वाढवायचा. मी सासरी आले त्या पहिल्याच आठवड्यात "आई, कंदील विझवू का?" असं विचारलं, तर त्यांनी माझ्या तोंडावर हातच ठेवला. "अगं बाई, तिन्हीसांजेला काय बोलतेस? वाढव म्हण." तेव्हापासून ते अशुभ अक्षर मी तोंडातून काढलं नाही.

ह्यांना या भाषेचा भारी वैताग. "उद्या पेट्रोल संपलं की टाकी वाढली म्हणायचं का गं?" असं मला चिडवायचे. पण गाडीचे दिवे हाती आले तेव्हा ह्यांनी थट्टा सोडली आणि मला समोर बसवून बजावलं, "इथे आईची भाषा चालायची नाही. इथे कमी म्हणजे कमी, जास्त म्हणजे जास्त, आणि बंद म्हणजे बंद. कळलं?" मी हो म्हटलं.

कारण ते दिवे विजेचे नव्हते. गाडीच्या पायरीवर एक पितळी डबा बसवायचा. वरच्या कप्प्यात पाणी, खालच्या कप्प्यात कार्बाइडचे खडे. चावी सैल केली की पाणी थेंबथेंब खड्यांवर पडायचं, त्याचा गॅस व्हायचा आणि रबरी नळीतून पुढच्या दिव्यांत जायचा. चावी जितकी सैल, तितकी ज्योत मोठी. घट्ट आवळली की पाणी बंद, आणि जरा वेळाने दिवा बंद. कार्बाइड बाजारात मिळायचं. सडक्या लसणासारखा त्याचा वास गोठ्यातून माजघरापर्यंत यायचा, आणि सासूबाई पदर नाकाला लावून म्हणायच्या, "हा वास चांगला नव्हे रे बाबा."

दसऱ्याच्या आदल्या रविवारी हँडल मारल्यावर इंजिन धडधडलं. अख्खी आळी बघायला आली. ह्यांचा आनंद बघून मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू? म्हटलं, झालं एकदाचं, डोळा शाबूत राहिला. आता फक्त दिवे राहिले होते. हे म्हणाले, "दसऱ्याला संध्याकाळी दिवे लावू, आई ओवाळेल, आणि मग तुझी कटकट संपली."

दसऱ्याला आपट्याची पानं देऊन-घेऊन झाली आणि तिन्हीसांजेला आम्ही तिघं गोठ्यात गेलो. सासूबाई ताट घेऊन उभ्या. हे पायरीपाशी उकिडवे बसून डब्यावर वाकलेले. तिथून ह्यांना पुढचे दिवे दिसत नव्हते, म्हणून मला पुढे उभं केलं. "ज्योत कशी आहे ते सांगत जा. मी तुझ्या डोळ्यांनी बघतो." दोन्ही दिव्यांना मीच काडी लावली. निळसर, करंगळीएवढी ज्योत आली.

"कशी आहे?"

"बारीक आहे."

"वाढवू?"

"थोडी वाढवा."

ज्योत पांढरी झाली, गोठा उजळला. सासूबाईंनी गाडीला हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या. तेवढ्यात दिवा सूं सूं करायला लागला. ज्योत वीतभर लांब झाली आणि रबरी नळी काचेजवळ धुमसायला लागली. समोर ओवाळणीचं ताट, दसऱ्याची तिन्हीसांज, आणि ते अक्षर काही माझ्या तोंडात येईना.

"अहो, वाढवा! वाढवा लवकर!"

"अजून?"

"हो, हो! वाढवा ना!"

ह्यांनी चावी पुरती सैल सोडली. डबा आत गुरगुरला. ताट तसंच धरून सासूबाई ओरडल्या, "अरे, ती—" आणि फट् झालं. फार मोठा आवाज नव्हता, कुकराचा वॉल्व उडावा एवढाच. हे मागे पडले. तोंडभर पांढरा चिखल, कार्बाइडचा झालेला गरम चुना. दोन्ही डोळे त्यात भरलेले. मी घागर उपडी केली, दुसरी केली, तिसरी केली. हे फक्त एवढंच विचारत होते, "जातोय का गं? जातोय का?"

टांग्यातून इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी डोळा धुतला, पुन्हा धुतला आणि चुना पोळत पोळत आत उतरत जातो, असं सांगितलं. पुढचे काही आठवडे आम्ही पट्टी उघडायच्या दिवसाची वाट बघत होतो. पट्टी उघडली तेव्हा खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढंच ह्यांना कळलं. मग तेही कळेनासं झालं.

कसं झालं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तोंड उघडणार तोच हे म्हणाले, "बायको बंद करा म्हणून ओरडत होती. चावी मीच उलटी फिरवली." ऑफिसातले लोक भेटायला आले, त्यांनाही हेच. आळीला हेच. सासूबाई उशाशी बसलेल्या असायच्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, माझा शब्द आणि आता हे. त्या माझ्याकडे बघायच्या आणि मी जमिनीकडे. एकदा संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात आल्या, कंदिलाची वात खाली केली आणि म्हणाल्या, "विझवला गं." त्यापलीकडे त्या या विषयावर कधी बोलल्या नाहीत.

गाडी एका भंगारवाल्याने नेली. ह्यांची नोकरी गेली. मी शाळेत शिकवायला लागले, आणि संसार चालला, चालायचाच. हे भिंतीला हात लावत अंगणापर्यंत जायचे, रेडिओ ऐकायचे, माझी थट्टाही करायचे. पण मला जेवण गोड लागेना. मनात यायचं, ह्यांना खरंच तसं ऐकू आलं असेल का? का मला वाचवायला रचलंय? रचलं असेल तर ते मी रोज खाते आहे, आणि माझी जीभ का रेटत नाही?

शेवटी एका दुपारी शेंगा सोलताना मी विचारलंच. "अहो, खरं सांगा. त्या दिवशी तुम्हाला काय ऐकू आलं होतं?"

ह्यांचे हात थांबले नाहीत. "तू म्हणालीस तेच."

"मी काय म्हणाले होते?"

"बंद करा म्हणालीस. तीनदा." आणि माझ्या दिशेने, पण थोडं चुकून, दाराकडे तोंड करून हसले. "हो ना?"

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. माणूस समोर बसला होता, रागावला नसता, आणि सगळं ऐकून घेतलं असतं. मला सगळं कळत होतं.

मी म्हटलं, "हो."