पुलावर अडकलेली मोटार

चांगल्या वस्तूंवर जीव टाकणारे जगात ढिगानं सापडतील. पण भिकार वस्तूची बाजू घेऊन साऱ्या गावाशी भांडणारा माणूस मी एकच पाहिला. ते म्हणजे आमचे जानेफळचे मोठेबाबा, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम तेव्हा आमच्याकडे नुकतेच आले होते. मोठेबाबांनी खामगावच्या बाजारातून एक आणला आणि सोबत नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेमांची एक कॅसेट. लावून पाहतो तर गेम पाच-सहाच, नावं बदलून पुन्हा पुन्हा तेच, आमच्याकडच्या निवडणुकीसारखे. मी कुरकुर केली तर मलाच दटावलं, "अबे, वरण रोज तुरीचंच खातो ना? मंग?"

त्यातला सगळ्यात टुकार गेम त्यांचा सगळ्यात लाडका. खोक्यावर डोंगरावरून उडणारी लाल मोटार. टीव्हीवर मात्र साबणाच्या वडीएवढा ठोकळा घरंगळत यायचा आणि पहिल्याच पुलावर अडकून बसायचा. बनवणाऱ्यानं पुढचा रस्ताच केला नसावा. मोठेबाबांना त्यात खोट दिसेल तर शपथ! "आपल्या मेहकरच्या रस्त्यानं कोणती गाडी धड जाते बे? खरं दाखवलं त्यानं." त्यातून दोन्ही रिमोटांची दोन-दोन बटणं एकदम दाबून धरली तरच तो सुरू व्हायचा, एकट्याचे हात पुरायचेच नाहीत. दुसरा रिमोट कायम त्यांच्या एकुलत्या एका मुलीच्या, वैशूच्या हाती. "एकट्याले मजा करू देत नाई," मोठेबाबा कौतुकानं म्हणत, "संस्कारी गेम हाय."

इथवर ठीक होतं हो. पण वैशूला स्थळं यायला लागली आणि मोठेबाबांनी नवंच खूळ काढलं. पोहे संपले की मुलाच्या हाती रिमोट! "चांगल्या गेमवर कोणीबी गोड वागते. माणसाचा सभाव भिकार गेमवर कळते." चिखलीच्या एका इंजिनिअरनं मोटार अडकताच रिमोट आपटला. "उद्या भाकर करपली तर ताट फेकीन हा," मोठेबाबा म्हणाले. नकार. बँकेतला एक जण म्हणाला, "वा, फारच सुंदर गेम आहे." मोठेबाबा स्वयंपाकघरात येऊन कुजबुजले, "लबाड हाय." त्यालाही नकार.

मोठेबाबांची बायको, आमची मोठीआई, कपाळ बडवून घ्यायची. "माय वं! त्या डब्ब्यापायी पोरगी घरात राहून जाईन! लोक काय म्हणून राह्यले, माहीत हाय का तुम्हाले?" लोक म्हणतच होते, आणि स्थळं येईनाशी झाली होती. एकदा वैशू मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, बाबाले सांग ना, माह्यं लगन त्या मोटारीवर नका टांगू म्हणा." मी सांगितलं. मोठेबाबांनी ऐकलं नाही.

मग धामणगाव बढ्याचा एक मुलगा आला, कापडाच्या दुकानातला. तोही अडकला. पुन्हा अडकला, आणि त्याला हसूच फुटलं. रिमोट वैशूपुढे धरून म्हणाला, "मले तर जमत नाई. तुम्ही पाहता का?" वैशू पदर सावरून बसली आणि नेहमीप्रमाणे तीही अडकली. दोघं असे काही हसत सुटले की समोरचा चहा निवून गेला. मोठेबाबांनी तिथूनच आरोळी ठोकली, "अवं, साखर आण!"

लग्न आटोपून काही दिवसांनी मी जानेफळला गेलो, तर गेमवर फडकं टाकलेलं. "काऊन मोठेबाबा, खेळत नाई का आता?" मी विचारलं. त्यांनी फडक्याची घडी सारखी केली. "दोघं लागतात ना बे त्याले," ते म्हणाले.

मी रिमोट घ्यायला उठणार, तेवढ्यात मोठीआई ओले हात पदराला पुसत बाहेर आली. वर्षभर त्या डब्याला शिव्या घालणारी ती बाई खाली बसली आणि रिमोट उलटा धरून म्हणाली, "सांगा, कोणतं दाबू?"

मोटार निघाली, घरंगळली आणि पुलावर जाऊन अडकली.

"आता हे काऊन जाऊन नाई राह्यलं?" मोठीआईनं विचारलं.

"जाईन ते," मोठेबाबा म्हणाले. "आपल्याले आता घाई काय हाय?"