वॉल्टरचे पणजोबा

परवा सर्वपित्री अमावास्या होती, म्हणून ऑफिसमधून हाफ-डे घेतला होता. पण गोष्ट सुरू झाली आदल्या दिवशी... इथे अमेरिकेत, ट्रॉयमधल्या आमच्या ऑफिसच्या कॅफेटेरियात.

वॉल्टर आमच्या टेस्टिंग लॅबमधला सगळ्यात जुना माणूस. बासष्टीचा, कृष्णवर्णीय, दर रविवारी न चुकता चर्चला जाणारा. तो एका अर्जावर सह्या गोळा करत होता.

गुलामगिरीत काय काय झालं आणि त्या लोकांच्या वंशजांना न्याय कसा देता येईल, याचा अभ्यास करायला सरकारने आयोग नेमावा, असं एक बिल वर्षानुवर्षं काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, पडून आहे. त्याला पाठिंबा देणारा तो अर्ज.

मी नुकताच इथला सिटिझन झालोय. म्हटलं, "वॉल्टर, आम्ही तर काल आलो. आमचा काय संबंध?"

"रस्ते मात्र आधीचेच वापरतोस, मित्रा," तो हसून म्हणाला. कागदाची घडी करून खिशात ठेवली. आग्रह केला नाही.

मग त्याने उद्याच्या रजेचं विचारलं. मी सांगितलं, वडील, आजोबा, पणजोबा यांची नावं घेऊन पाणी सोडायचं असतं... आणि सहज विचारून बसलो, "तुझ्या पणजोबांचं नाव काय?"

वॉल्टरने हातातला कप खाली ठेवला. "गुलामांच्या जुन्या यादीत आहेत ते," म्हणाला. "पुरुष, वय तीस. नाव लिहिलंय ते फक्त मालकाचं. आजोबा तान्हे असतानाच ते गेले, सांगणारं कुणी उरलं नाही... मला भरपाईचा चेक नकोय रे. कुणीतरी बसून हे सगळं नीट लिहून काढावं. मी आहे तोवर."

परवा सकाळी घरामागच्या डेकवर पान वाढून ठेवलं. इथे कावळ्याच्या आधी खार येते. तिघांची नावं घेऊन पाणी सोडलं... आणि हात थांबला.

गावी वडील शेवटची ओंजळ, ज्यांची नावं ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सोडायचे. मीही इतकी वर्षं सोडतो, पण डोळ्यांसमोर कधी कुणी नसायचं. परवा होता. तीस वर्षांचा एक माणूस.

दुपारी ऑफिसला गेल्यावर वॉल्टरकडून तो कागद मागून घेतला. इथे आल्यापासून मधलं नाव गाळून सही करायची सवय लागलीय. या वेळी पूर्ण नाव लिहिलं.

वॉल्टरने त्यावरून बोट फिरवलं. "हे मधलं कोण?"

"वडील."

"बरं आहे तुझं," एवढंच म्हणाला.

बिलाचं पुढे काय होईल, देव जाणे. पण वडिलांचं जे नाव पन्नास वर्षं मी नुसतं फॉर्मवर भरत आलो, ते मला ठाऊक आहे म्हणून परवा पहिल्यांदा हात जोडले.