अंजिराच्या चार काड्या

साताऱ्याच्या मंडईत अंजिराच्या पाटीत त्याचीच पानं अंथरलेली असतात. त्या पानांचा वास आला की मी पुढं सरकते, अंजीर घेत नाही.

एकसष्ट-बासष्टची थंडी असेल. आमचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं आणि आम्ही सांगलीकडं पत्र्याच्या खोलीत राहायला आलो. निघताना मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, परड्यातल्या अंजिराच्या चार काड्या कापून आणल्या होत्या. उबेनं मुळं फुटावीत म्हणून त्या मडक्यात लावून चुलीशेजारी ठेवल्या. दिवसातून दहादा ते मडक्याला हात लावून बघायचे.

एका सकाळी गारठा फार होता. मी नवी सून. आणखी ऊब मिळेल म्हणून मडक्याभोवती निखारे सारले आणि पाण्याला गेले. परत आले तेव्हा मामंजी चुलीपुढं बसले होते. उपटलेल्या काड्या शिजल्यासारख्या काळ्या, मऊ पडल्या होत्या. एकीला बोटभर पांढरं मूळ आलं होतं.

"थंडीनं गेल्या गं पोरी," ते म्हणाले. "हितं गारठाच लय हाय."

मी "व्हय" म्हणाले. दुसऱ्या काड्या आणायला झाड उरलं नव्हतं.

त्यांना काही कळलं नाही, असं मी कित्येक वर्षं मानत आले. पण मी पाण्याहून परतले तेव्हा मडक्याभोवती निखारे नव्हते; काड्या उपटण्याआधी ते त्यांनीच बाजूला केले होते.