चिनी आबांची बाटली

बमरोलीत आमच्या खोल्यांच्या लाइनीत टकले दोघेच होते, आबा आणि मी. पण आबांचं टक्कल बघायला लोक मुद्दाम थांबायचे. संध्याकाळी कापडाच्या लूमवरून सुटले की आबा ओट्यावर मांडी घालून बसत, मागे पाटावर वहिनी, आणि त्या गुळगुळीत डोक्यावर काळं पाणी चोळणं सुरू होई. अमळनेरकडचे आबा डोळे मिटून म्हणत, "हळू चोळ वं, एक केस उगी राहिना." म्हणजे उगवतोय.

औषध चिनी होतं. आबांचा मेहुणा हजीऱ्याच्या बंदरात धक्क्यावर कामाला. तिथल्या एका बोटीवरच्या चिनी स्वयंपाक्याने त्याला मुळीच्या काळ्या चकत्या दिल्या आणि खुणांनी सांगितलं, उकळा आणि चोळा. वर स्वतःचे दाट केस ओढून दाखवले. आबा स्वतः काढा करून बाटलीत भरत. लाइनीने त्यांचं नाव 'चिनी आबा' ठेवलं.

माझा नुसता जळफळाट. लोक बॅटरी मारून आबांच्या कानामागची लव शोधत. मला ती कधीच दिसली नाही. ज्यांना दिसे त्यांच्याशी मी बोलणं सोडलं. शेवटी वाटीभर औषध मागून आणलं आणि बायकोपुढे डोकं केलं.

"आधी भांडी घासा," ती म्हणाली. घासली.

"दिवसभर साड्यांना टिकल्या चिकटवून बोटं गेलीत माझी. तुमचं डोकं, तुमचे हात."

एकदा चहाच्या टपरीवर आबा सापडले, बाटलीत कोरा चहा भरून घेताना. माझा हात धरून म्हणाले, "मुळ्या दिवाळीलाच संपल्या रे. वहिनीला बोलू नको. ती चोळायची थांबेल."

त्या दिवशी मी केसांवर जळणं सोडलं आणि नीट जळायला लागलो.

पुढे आबा कायमचे गावी निघाले. टेंपोत ट्रंका चढत होत्या, तेवढ्यात वहिनी बाटली घेऊन आमच्या दारात आल्या.

"ठेवा भाऊजी. गावी ते दुसरी भरतील." मग आवाज उतरवून, "चहा शे तो. मला पहिल्याच दिवशी वास आला. त्यास्ले सांगू नका."

टेंपोतून आबा ओरडले, "चोळत राहा रे."

मी बाटली बायकोच्या हातात दिली आणि ओट्यावर मांडी घालून बसलो. तिने झाकण उघडून हुंगलं.

"चहा आहे हा," म्हणाली, आणि मोरीत ओतून दिला.