बांबूतला पिवळा भुंगा

मुलुंडच्या आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला एक आडवा बांबू होता, सासऱ्यांनी स्वतः टांगलेला. ते गेले त्यानंतरच्या हिवाळ्यात, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर केव्हातरी, त्या बांबूला खालच्या अंगाने एक गोल भोक पडलं आणि धुतलेल्या चादरींवर भुसा गळायला लागला.

"वाळवी," नवरा म्हणाला. "बांबूची वाट लागली."

वाळवी इतकं सुबक भोक पाडत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवत होते, एवढं तरी मला कळत होतं.

लवकरच भोकाचा मालक दिसला. अंग काळंकुळकुळीत आणि पाठ हळदीसारखी पिवळी, केसाळ. साधे काळे भुंगे मुलुंडला पैशाला पासरी. शेवगा फुलला की घोंघावत असायचे. हा पिवळ्या पाठीचा मात्र मी कधीच पाहिला नव्हता. लग्न झालं आणि माझं एमएस्सी अर्धवट राहिलं, तेव्हापासून माझं डोकं पोळ्या आणि पेपर तपासणी यांतच फिरत होतं. या किड्याने ते जागं केलं. मी त्याची वरून, बाजूने चित्रं काढली आणि शहरातल्या एका संग्रहालयात कीटकांचं काम बघणाऱ्या सरांना नेऊन दाखवली.

चित्राखाली मी मोठ्या तोऱ्यात 'बंबलबी' लिहिलं होतं. सर हसले. "बाई, बंबलबी हिमालय सोडून मुलुंडला कशाला येईल? हा लाकूड पोखरणारा भुंगा आहे. पण ही जात या बाजूला आमच्याकडे नोंदलेली नाही. एखाद्या वखारीच्या बांबूतून आली असेल." मग चष्मा काढून म्हणाले, "चित्रावर नोंद होत नाही. नमुना आणा."

नमुना म्हणजे टाचणीवर लावलेला मेलेला भुंगा.

घरी येऊन सासूबाईंना सरळ सांगून टाकलं, कारण लपवाछपवी मला जमत नाही. त्या मालवणकडच्या, जिभेला धार असलेल्या. चांगली खरडपट्टी निघणार म्हणून मी तयारीत होते. पण त्यांनी मला गॅलरीत नेलं आणि भोकावर बोट ठेवलं.

"बघ कसा गोल आसा. ह्यो दुसऱ्या कोणाचो हात न्हय. हे इले आसत."

सासरे मरोळच्या एका कारखान्यात ड्रिलिंग मशीनवर होते. जन्मभर त्यांनी लोखंडाला भोकं पाडली. गेलेलं माणूस भुंगा होऊन घरी येतं, असं सासूबाई लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. इथे तर भुंगा हातातली कलाही ओळखीची घेऊन आला होता. बांबू पोखरते ती मादी, हे मला माहीत होतं. ते सांगायची ही वेळ नव्हे, हेही कळत होतं.

"यार, एका माशीपायी आईला दुखवू नकोस ना," नवरा म्हणाला. मला असा राग आला! त्याला ती माशी, आईंना तो नवरा. आणि मला? लग्नानंतर मला माझी म्हणून सापडलेली ती पहिली गोष्ट होती. भुंगा पकडायला लोणच्याची रिकामी बरणी मी घासूनपुसून कपाटात तयार ठेवली होती. पण सकाळी सासूबाई आपल्या चहातला घोटभर चहा बशीत ओतून त्या भोकाखाली ठेवायच्या आणि माझा हात कपाटापर्यंत जायचा नाही. थंडी सरत आली. भुंगा एक दिवस उडून गेला की नोंद कसली आणि काय, या विचाराने माझ्याच डोक्याला भुंगा लागला.

एका रविवारी मी वह्या तपासत बसले होते. सासूबाई समोर येऊन उभ्या राहिल्या आणि हातातली काडेपेटी उघडून धरली. आत कापसावर भुंगा होता. पाय आखडलेले, पाठ अजून पिवळी. सकाळी त्यांना बांबूखाली सापडला होता.

"गेले परत," त्या म्हणाल्या. "आता तू घेवन जा. तुझ्या सरांका दाखय. जल्मभर राबले, पण खंय नाव छापून इला नाय." मग त्यांनी विचारलं, "थंय नाव लिवतत मा?"

जे त्यांनी हात जोडून पाण्यात सोडलं असतं, ते माझ्या हातावर ठेवलं होतं. मी त्यांच्या पाया पडले. सणावारी रीत म्हणून पडते तशी नव्हे, अगदी मनापासून. आजही त्यांची आठवण आली की आधी ती काडेपेटी आठवते, आणि इतकं मला कुणीच दिलेलं नाही असं वाटतं.

पण मला त्यांच्याशी खोटं बोलवेना. "आई, नमुन्याखाली टाचणीला लावतात त्या चिठ्ठीवर जागा, तारीख आणि ज्याला सापडला त्याचं नाव असतं. हा तुम्हाला सापडला. म्हणजे तुमचं नाव लागणार."

त्यांचा चेहरा उतरला. मग एकदम त्यांनी मान वर केली.

"माझा पुरा नाव?"

"हो, पूर्ण."

"मगे मधी ह्यांचा येतलाच मा?"

नवऱ्याचं नाव त्यांनी कधी तोंडाने घेतलं नव्हतं; रेशनच्या दुकानात कुणी विचारलं तर मला पुढे करायच्या. मी बोटाच्या पेराएवढी चिठ्ठी कापली आणि बारीक अक्षरात लिहिलं: मुलुंड, तारीख, मग त्यांचं नाव, सासऱ्यांचं नाव, आडनाव. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मोठ्याने वाचून दाखवलं.

"मधला परत वाच," त्या म्हणाल्या.